वेड्याला विचारतो कोण?

एखाद्याचे म्हणणे उडवून लावावयाचे असले म्हणजे "वेड्याला विचारतो कोण?" असे आपण मराठीत सहज बोलून जातो. बोलणाराच्या मनात कोणी खरा वेडा नसतो, आणि ऐकणाराही ते तितक्याच हलकेपणाने घेतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने हा प्रश्न एकदा शब्दशः घेऊन पाहावा असे आम्हांस वाटते. ज्यांस आपले पूर्वज वेडे म्हणत व आज आपण मनोरुग्ण म्हणतो, त्यांच्याविषयी ज्ञान मिळविण्याचे उद्योग गेल्या दीडशे वर्षांत पुष्कळ झाले. त्यांची मोजणी झाली, वर्गवारी झाली, औषधे योजून पाहण्यात आली, कमिशने बसली, जाडजूड ग्रंथ निघाले. या साऱ्या खटाटोपात त्या माणसास स्वतःस "बाबा रे, या कामी तू आम्हांस साह्य करशील काय?" असे कोणी विचारले, केव्हा विचारले आणि कोणत्या शब्दांत विचारले? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९९ असे सांगते की, मनोरुग्णाच्या मोकळ्या व समजून दिलेल्या संमतीवाचून संशोधनासाठी त्याची साधी मुलाखतही घेता येणार नाही. तोंडच्या त्या बोलापासून या कलमापर्यंतची वाट कशी चालली गेली, आणि आमच्या खानदेशाने ती कितपत चालली, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात आला. मुंबईस कुलाब्याला १८२६ पासून वेड्यांचे इस्पितळ होते. पुढे पुणे, धारवाड, अहमदाबाद येथे तशी इस्पितळे झाली, रत्नागिरीस १८८६ मध्ये व ठाण्यास १९०१ मध्ये झाले. खानदेशाच्या वाट्याला मात्र त्यांतले एकही आले नाही. आजही राज्याची जी जुनी चार सरकारी मनोरुग्णालये आहेत ती ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे. तापीच्या खोऱ्यात एकही नाही. त्यामुळे येथील रुग्णाची गाठ आधी भगताशी, मग घरच्या अंधाऱ्या खोलीशी, आणि तो रस्त्यावर आलाच तर पोलिसांशी पडे. १८५८ च्या कायद्याने भटकणाऱ्या वेड्यास मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे काम पोलिसांकडे दिले होते. मॅजिस्ट्रेटाने सरकारी डॉक्टरचा दाखला घ्यावा, हुकूम लिहावा, आणि मग जिल्ह्याबाहेरचा लांबचा प्रवास. माणसाबरोबर एक कागद जाई. त्यात नाव, जात, वय, धंदा यांचे रकाने असत, आणि त्यांच्याच पंक्तीला "वेडाचे कारण" असाही एक रकाना असे. नाव लिहिणे सोपे; कारण लिहिणे हे जगातल्या मोठमोठ्या वैद्यांस न साधलेले काम. ते ठाण्यावरच्या जमादाराने उभ्या उभ्या करावे अशी अपेक्षा होती. या रकान्याची पुढे मोठी गंमत झाली. ती सांगण्यापूर्वी खानेसुमारीचा उल्लेख केला पाहिजे.

१८८१ पासून १९३१ पर्यंतच्या प्रत्येक खानेसुमारीत आंधळे, मुकेबहिरे व महारोगी यांच्याबरोबर वेड्यांचीही गणती होत असे. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्वेचे ठाणे जळगाव व पश्चिमेचे धुळे. तेव्हापासून हे आकडेही दोन ठिकाणी निघू लागले. गणती करणारा दारात येई आणि घरातल्या कर्त्या पुरुषास विचारी. लग्नाच्या मुली ज्या घरात आहेत त्या घरचा कर्ता पुरुष या प्रश्नास काय उत्तर देईल हे सांगण्यास समाजशास्त्रज्ञ नको. सातपुड्याच्या पायथ्याशी तर विचारणाराची भाषा एक आणि ऐकणाराची दुसरी. एवढ्यावरून जे आकडे निघाले ते छापले गेले, त्यांची दर लाखी प्रमाणे काढली गेली. ज्याच्याविषयी प्रश्न होता तो माणूस बहुधा त्याच घराच्या माजघरात बसलेला असे. त्याच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. १९४१ मध्ये हा प्रश्नच गणतीतून गळला, आणि तो अन्य रूपाने परत येण्यास नव्या शतकाची वाट पाहावी लागली.

आता त्या रकान्याची कथा. १८९३ च्या मार्चमध्ये विल्यम केन नावाच्या सभासदाने विलायतेच्या कॉमन्स सभेत हिंदुस्थानातील गांजाभांगेविषयी प्रश्न विचारला. गांजामुळे हिंदुस्थानची वेड्यांची इस्पितळे भरून गेली आहेत, अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती, आणि तिला आधार होता तो इस्पितळांच्या वार्षिक अहवालांचा. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे कमिशन नेमले. त्यांत तिघे हिंदी होते. कमिशनने अकराशे त्र्याण्णव साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. खानदेशाच्या लोकांस हा विषय परका नव्हता. शेजारच्या निमाड जिल्ह्यात खांडव्याच्या आसपास सरकारी परवान्याने गांजाची लागवड होत असे, आणि भुसावळहून खांडवा ते केवढे दूर!

कमिशनने केले ते असे. १८९२ या एका सालात हिंदुस्थानातील इस्पितळांत जे १३४४ रुग्ण नव्याने आले, त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजाभांग हे कारण लिहिलेले होते. कमिशनने त्या आकड्यावर विसंबून न राहता प्रत्येकाचे कागद मागविले, आणि त्याच्या गावी, नातेवाइकांकडे व शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पुन्हा चौकशी करविली. तेव्हा कळून आले की रकान्यातला मजकूर मूळ पोलिसांच्या माहितीवरून लिहिला गेलेला, इस्पितळाच्या वहीत तो जसाच्या तसा उतरलेला, आणि वहीतून अहवालात गेलेला. रकाना कोरा ठेवणे बरे दिसत नाही. माणूस चिलीम ओढतो काय? ओढतो. मग झाले! कोणाचे वेड गांजा ओढू लागण्याच्या आधीचे निघाले, तर कोणी गांजा ओढीत असल्याचाच पुरावा मिळेना. शेवटी २२२ चे ९८ उरले. त्यांतही नुसत्या गांजाभांगेकडे बोट दाखविता येईल असे ६१. बाकीच्या ३७ जणांच्या बाबतीत दुसरीही कारणे होती. म्हणजे नव्या रुग्णांच्या शेकडा साडेसोळांवरून हे प्रमाण शेकडा सव्वासातांवर आले. वर्षानुवर्षे जे शास्त्र म्हणून छापले जात होते त्याचा निम्म्याहून अधिक भाग एका फेरचौकशीत वाहून गेला.

या प्रकरणाकडे पाहण्याची आजवरची दृष्टी अबकारीच्या इतिहासकारांची आहे. आम्हांस त्यात निराळेच काही दिसते. मनोरुग्णास न विचारणे हा त्याचा अपमान आहे असे आज आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण १८९४ च्या अहवालावरून असे सिद्ध होते की न विचारण्याने ज्ञानही नासते. ज्याच्या अंगावर ते दुखणे आले त्यास व त्याच्या घरच्यांस वगळून जमादाराच्या लेखणीतून जे निघाले ते सरळ सरळ खोटे होते, आणि ते खोटे पार्लमेंटापर्यंत जाऊन पोहोचले. कमिशनने तरी खुद्द रुग्णांस चौकशीत सहभागी होण्याविषयी विचारले काय? त्या काळी असा विचार कोणाच्या मनातही येण्यासारखा नव्हता. चौकशी त्यांच्याविषयी झाली. त्यांच्यासह झाली नाही. डॉक्टर कनिंगहॅम यांनी कलकत्त्यास एका माकडास महिनोन्महिने गांजाचा धूर देऊन प्रयोग केला, त्या माकडाचाही रुकार कोणी घेतला नव्हता. आणि रुग्ण व माकड यांत संमतीपुरता भेद करावा असे तेव्हाच्या शास्त्रास वाटल्याचे दिसत नाही. तरीही एक पाऊल पुढे पडले होते हे नाकारता येत नाही. रकान्यापेक्षा माणसाच्या गावी जाऊन विचारलेले अधिक खरे असते, एवढे सरकारी कागदावर आले.

यानंतरच्या अर्धशतकावरून आम्ही लवकर पुढे जातो. १९१२ च्या कायद्याने स्वेच्छेने दाखल होण्याची सोय केली. पुढे इस्पितळांच्या नावातून वेडे हा शब्द गेला. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्मादावर गुण येतो असे लिहिले, आणि १९५४ च्या सुमारास अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी त्याच वनस्पतीतून काढलेले औषध इस्पितळातील शेकडो रुग्णांस देऊन पाहिले. मनोविकारांवर औषध चालते ही गोष्ट जगास पटविण्यात या मुळीचा मोठा वाटा आहे. ज्यांच्यावर ती अजमावली त्यांची आठवण मात्र कोठे राहिली नाही.

मध्यंतरी जर्मनीत जे घडले त्याने या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. १९४० व १९४१ या दोन वर्षांत तेथील राजवटीने सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्णांस व अपंगांस ठार मारले, आणि मारलेल्यांचे मेंदू प्रयोगशाळांत अभ्यासासाठी पोहोचते झाले. १९४७ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने जी दहा कलमे घालून दिली त्यांतले पहिले हेच की, मनुष्याच्या स्वेच्छेच्या संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग करू नये. नियम उत्तम, पण त्याची एक बाजू लौकर ध्यानात येत नाही. संमती देण्याची कायदेशीर पात्रता ज्यास नाही तो या नियमाने संशोधनाच्या बाहेरच राहिला. आता त्याच्या दुखण्याचा शोध घ्यावयाचा कोणाकडून? १९६४ च्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने पालकाच्या संमतीचा मार्ग काढला तो या अडचणीतूनच. न विचारता वापरणे ही एक चूक, आणि कीव करून विचारणेच टाळणे ही दुसरी. दुसरी चूक सभ्य माणसे करतात, म्हणून ती अधिक दिवस टिकते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे आठवतो. पातंजल योगातील आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान या पायऱ्यांचा मनोविकारांवर उपयोग होतो काय हे त्यांनी पाहिले. रुग्णांच्या एका गटास ही साधना दिली, दुसऱ्या गटास वरून तशाच दिसणाऱ्या हालचाली व श्वसन सांगून मनात येईल ते लिहून काढण्यास सांगितले. परीक्षा पाहण्याची ही रीत शास्त्रशुद्ध आहे. पण "आपल्या वाट्याला खरा उपाय येईल किंवा त्याची नुसती छाया येईल, आणि कोणते आले ते आपणांस कळणार नाही" हे रुग्णास कोणत्या शब्दांत सांगावे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या दारात उभा आहे. आमच्याकडे अमळनेरास प्रतापशेटांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. मन म्हणजे काय यावर तेथे विद्वानांस आमंत्रणे गेली, शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. ज्यांचे मन बिघडले आहे त्यांस त्याविषयी काही सांगावयाचे असेल, हे तत्त्वज्ञांस सुचले नाही तर वैद्यांसच का दोष द्यावा?

कायद्याने प्रथम हात घातला तो १९८७ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याचे कलम ८१ म्हणे की रुग्णाचा संशोधनासाठी उपयोग करू नये. मात्र त्यापासून त्याला प्रत्यक्ष लाभ असेल, किंवा त्याने वा त्याच्या पालकाने लेखी संमती दिली असेल, तर चालेल. या "किंवा"मध्ये सारे पाणी मुरते. लाभ कोणी ठरवावयाचा? अर्थात संशोधकाने! २००५ मध्ये एका इंग्रज नियतकालिकात हिंदुस्थानातील आठ ठिकाणी केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीव्र उन्मादाच्या २९० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांस तीन आठवडे औषधाऐवजी निरुपयोगी गोळी देण्यात आली होती. उन्मादाच्या भरात असलेल्या माणसाची संमती म्हणजे काय, आणि गुणकारी औषधे हाताशी असता रिकामी गोळी का, यावर पुढील वर्षी मोठा वाद झाला. समित्यांची मंजुरी होती, संमतिपत्रे होती, असे संशोधकांचे उत्तर होते. ते खरे मानले तरी टीकाकारांचा प्रश्न संपत नाही. कागदावर सही आहे याचा अर्थ माणसास विचारले होते असा होतोच असे नाही. आमच्या खेड्यांतून सावकाराच्या खतावर अंगठे उठविणाऱ्या लोकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. २०१३ नंतर नव्या औषधांच्या चाचण्यांत संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा दंडक आला तो असल्या अनुभवांमुळे.

२०१७ च्या कायद्याचा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, रोख याहून वेगळा आहे. ज्यास संमती देता येते त्यालाच विचारावे, आणि दिलेली संमती त्याने केव्हाही मागे घ्यावी. ज्यास देता येत नाही त्याच्यावर उपचाराचा प्रयोग करावयाचा तर राज्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी, त्याने स्वतः नेमलेल्या प्रतिनिधीची संमती घ्यावी, आणि हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्या लोकांवर करता येण्यासारखे नाही हे आधी दाखवून द्यावे. या कलमात एक बारीक शब्दयोजना आहे: असा रुग्ण सहभागास विरोध करीत नसला पाहिजे. म्हणजे ज्याच्या होकारास कायदा मोल देत नाही त्याच्या नकारास तो मोल देतो. मान फिरविणे, हात झटकणे, उठून जाणे, हेही उत्तर धरले जाईल. आमच्या मते या कलमातील सर्वांत माणुसकीची जागा ही आहे, आणि ती पाळणेच सर्वांत कठीण. कारण इस्पितळात मान फिरविण्यास आजवर रोगाचे लक्षण म्हणत आले आहेत.

आता खानदेश. धुळ्यास संशोधन हा शब्द उच्चारला म्हणजे लोकांस राजवाडे आठवतात. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी धुळ्यासच १९२६ च्या ३१ डिसेंबरला देह ठेवला, आणि लगेच १९२७ च्या जानेवारीत त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. राजवाडे घरोघर हिंडून दप्तरे मागत. माळ्यावरची दप्तरे हे त्या घराचे गुपित. त्यात वतनाचे तंटे, कर्जे, भाऊबंदकीच्या भानगडी. मालकाच्या मनात आले तर तो रुमाल सोडी, नाही तर नाही म्हणे. आणि नाही म्हटल्यावर राजवाड्यांसही पायरी उतरावी लागे. मनोरुग्णाच्या दारात जाणाऱ्या संशोधकाने धुळ्यातल्या धुळ्यात हा धडा घेण्यासारखा आहे. माणसाच्या डोक्यातले दप्तर घराच्या दप्तराहून अधिक खाजगी, आणि त्याचा मालक एकच.

प्रत्यक्षात अडचणी कोठे येतात? पहिली भाषेची. "सदर अभ्यासातील सहभाग ऐच्छिक असून सहभागीस कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याचा अधिकार राहील" हे वाक्य निर्दोष आहे, आणि साक्री किंवा पारोळ्याच्या बाजारात ते कोणास कळणार नाही. अहिराणी बोलणाऱ्या बाईस "तुना जीवले कसं वाटस?" असे विचारले तर ती बोलू लागेल, "आपणांस खिन्नता जाणवते काय?" असे विचारले तर ती डॉक्टरच्या तोंडाकडे पाहील आणि त्यांना जे हवे असेल ते उत्तर देईल. तावडी, लेवा बोली, भिली, पावरी यांची गोष्टही तीच. दुसरी अडचण अशी की उपचार करणारा व आमंत्रण देणारा एकच असतो. धुळे वा जळगावच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांगेत बसलेल्या माणसास डॉक्टरांनी काही विचारले तर नाही म्हणावे कसे? नाही म्हटले तर उद्याची गोळी मिळेल काय? मिळेल, हे त्यास दुसऱ्या कोणी, रांगेबाहेर, शांतपणे सांगितले पाहिजे. तिसरी अडचण घरची. आपल्याकडे एकट्या माणसास काही विचारण्याची रीतच नाही. नवऱ्याने, सासऱ्याने, थोरल्या दिराने हो म्हटले की सुनेचे हो झाले. कुटुंब वगळून येथे काही होणार नाही, आणि कुटुंबावर सोडले तर पुन्हा त्या खानेसुमारीच्या दारातच आपण येऊन उभे राहतो.

हे साधत नाही असे मात्र नाही. गोव्यात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा सरकारी आरोग्य केंद्रे व बारा खाजगी दवाखाने यांतून नैराश्य व चिंता यांच्या २७९६ रुग्णांस सहभागी करून घेतले. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींस शिकवून त्यांच्याकडे समुपदेशनाचे काम दिले होते. सरकारी केंद्रांत त्याचा गुण दिसला, खाजगी दवाखान्यांत तितका दिसला नाही; आणि जे दिसले नाही तेही त्यांनी छापले. पुण्यात भार्गवी दावर यांनी आईच्या आजाराचे व तिच्या इस्पितळवासाचे दुःख पाहून १९९९ मध्ये तिच्या नावाने बापू ट्रस्ट काढला. ज्यांनी हे भोगले त्यांनीच प्रश्न ठरवावेत, इथपर्यंत त्या गेल्या. सहभागाचे आमंत्रण देण्यापेक्षा ही फार पुढची पायरी आहे. सर्व वैद्यांस ती मान्य नाही, आम्हांस ती विचार करण्याजोगी वाटते.

आमच्या जिल्ह्यांची स्थिती काय? २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले तेव्हा बारा राज्ये निवडली गेली. त्यांत गुजरात होते, मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे तापीच्या वरच्या व खालच्या अंगाला लोकांस विचारले गेले, आणि मधल्या खानदेशास वळसा पडला. त्या सर्वेक्षणात असे आढळले की निरनिराळ्या मनोविकारांचे शेकडा सत्तर ते ब्याण्णव रुग्ण उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. यावल, शहादा, अक्कलकुवा येथे हा आकडा काय असेल याचा अंदाज बांधण्याचा मोह होतो. पण अंदाजाने भरलेल्या रकान्याचे काय होते ते वर आलेच आहे.

जाता जाता एक गोष्ट आमच्यासारख्या जुनी पाने चाळणारांच्या कामाची. कलम ९९ ने रुग्णाच्या नोंदवहीचा अभ्यास, त्याचे नाव उघड न होईल अशा बेताने, मोकळा ठेवला आहे. हा नियम आजच्या रुग्णांसाठी आहे. शंभर वर्षांपूर्वी खानदेशातून आगगाडीने ठाण्यास वा येरवड्यास गेलेल्यांसाठी तो लिहिलेला नाही, आणि त्यांस आता विचारताही येत नाही. पण त्यांचे पणतू जळगावात, चोपड्यात, शिरपुरात नांदत आहेत. त्या वह्या वाचणारांनी नावाच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवून वाचाव्या, आणि कारणाच्या रकान्यात जे लिहिले असेल ते कोणी लिहिले याची आधी चौकशी करावी.